रिद्धपूरला परदेशी भाषांचा विभाग काऊन नाही होऊ शकत?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विद्यापीठांमधल्या परदेशी भाषा विभागांच्या इतिहासावर मोठा लेख आला होता. चांगला आहे लेख, मेहनत घेतलेली दिसते, पण तो सुरू होतो पुण्यात, मग मुंबई, मग दिल्ली-हैदराबाद, आणि फिरून परत पुण्यातच येऊन थांबतो. आमच्या भागातलं पोट्टं हा लेख वाचेल तर त्याला हेच वाटेल ना की जर्मन, जपानी, चिनी हे सगळं मोठ्या शहरातल्या लोकांचं काम आहे, आपण आपलं डीएड-बीएड करावं नाहीतर पोलीस भरतीचं ग्राउंड मारावं. मी चांदूर बाजार तालुक्यात हायस्कूलला इंग्रजी शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि मला हे अजिबात पटत नाही. आमच्या जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय, तिथं परदेशी भाषांचा विभाग व्हावा म्हणून लिहितेय. पत्र लांब झालंय, जमलं तर पूर्ण छापा.

लेखात शांतिनिकेतनला दोन ओळी मिळाल्यात. खरं म्हणजे सगळ्यात जास्त जागा त्यालाच द्यायला पाहिजे होती, कारण ते शहर नव्हतंच. बोलपूर स्टेशनला उतरायचं आणि पुढं बीरभूम जिल्ह्यातला उघडा माळ, लाल मुरमाड जमीन, उन्हाळ्यात पाण्याची मारामार. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही कोरडवाहू तालुक्यासारखंच. तिथं १९०१ मधे रवींद्रनाथांनी शाळा काढली आणि १९२१ मधे त्याची विश्वभारती झाली, आणि त्याच साली पॅरिसहून सिल्व्हँ लेव्ही हे फ्रेंच पंडित तिथं शिकवायला आले आणि त्या माळावर चिनी आणि तिबेटी भाषेचे वर्ग सुरू झाले! तेव्हा तिथं नीट इमारतीसुद्धा नव्हत्या. विद्यार्थी हातावर मोजण्याएवढे. पण त्या हातावर मोजण्याएवढ्यांमधेच प्रबोधचंद्र बागची होते, जे पुढं चिनी बौद्ध साहित्याचे मोठे अभ्यासक झाले आणि नंतर त्याच विश्वभारतीचे कुलगुरू झाले.

मग तान युन-शान यांची गोष्ट. हे चिनी गृहस्थ, रवींद्रनाथांची त्यांची भेट झाली १९२७ मधे सिंगापूरला आणि १९२८ मधे ते शांतिनिकेतनला येऊन राहिले. थोड्याशा विद्यार्थ्यांना चिनी शिकवायचे, स्वतः संस्कृत शिकायचे. त्यांच्या लक्षात आलं की असं एकट्यानं नाही चालणार, तर ते परत चीनला गेले, तिथं भारत-चीन सांस्कृतिक मंडळ उभं केलं, पैसे जमवले, हजारो चिनी पुस्तकं मिळवली आणि मग १४ एप्रिल १९३७ ला चीन भवनाचं उद्घाटन झालं. आधी शिकवणारा माणूस आला, मग विद्यार्थी, मग पुस्तकं, आणि इमारत सगळ्यात शेवटी. आपल्याकडं नेमकं उलटं होतं, आधी भूमिपूजन, मग कोनशिला, मग कंपाउंडची भिंत, आणि शिकवणाऱ्याची जागा वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर. मी हे रागानं नाही म्हणत, मी स्वतः तासिका तत्त्वावर राबलेली बाई आहे, शिकवणाऱ्याला उद्याची खात्री नसली की तो कुठलाच विषय मुळापासून उभा करू शकत नाही आणि नवी भाषा तर नाहीच नाही.

पुण्याबद्दल मला आदरच आहे. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या त्या जुन्या बिल्डिंगमधे पिढ्यान्‌पिढ्या मराठी पोरं जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकली, नोकरी करून संध्याकाळच्या बॅचला बसली, सर्टिफिकेट मग डिप्लोमा मग ऍडव्हान्स्ड डिप्लोमा असं एकेक पायरी चढत गेली. ही पायऱ्यांची पद्धत फार चांगली आहे, कोणालाही पहिल्या पायरीवर उभं राहता येतं, बारावी झालेल्या मुलीला पण आणि चाळिशीतल्या माणसाला पण. पण त्या पायरीपर्यंत पोचायला आमच्या पोरांना आधी पुण्यात खोली घ्यावी लागते, मेस लावावी लागते, आणि संत्र्याला भाव नसला की त्या वर्षी घरातून पैसे निघत नाहीत, हे सगळं लेखात कुठंच नाही.

हैदराबादचा इतिहास मात्र आपल्या कामाचा आहे आणि मी पुढं जे मागणारे त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. १९५८ मधे तिथं केंद्र सरकारनं जी संस्था काढली ती फक्त इंग्रजीसाठी होती, इंग्रजीच्या शिक्षकांना ट्रेनिंग देणं एवढंच काम. १९७२ मधे त्यात जर्मन, रशियन आणि फ्रेंच आणली, नाव पण बदललं, शिलाँग आणि लखनौला केंद्रं निघाली, आणि २००७ मधे त्याचं इंग्रजी आणि परदेशी भाषांचं पूर्ण केंद्रीय विद्यापीठ (इफ्लू) झालं. एका भाषेसाठी काढलेली संस्था पंधरा वर्षांच्या आत दुसऱ्या भाषांचं पण घर झाली. दिल्लीत याच्या उलट बाजूनं झालं, १९६५ मधे नुसती रशियनसाठी संस्था निघाली आणि ती पुढं जेएनयूत सामावली गेली.

रशियनचं बघा, त्या काळात रशियनला केवढी मागणी होती. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, १९५९ मधे पहिली झोतभट्टी पेटली, रशियन इंजिनियर कुटुंबासकट येऊन राहिले, दुभाषे लागायचे, मशिनीचे कागद वाचणारे लागायचे. भिलाई आपल्या गोंदियापासून गाडीनं काही तासांवर. मॉस्कोहून मराठीत छापलेली पुस्तकं स्वस्तात मिळायची, गुळगुळीत कागद, सुंदर चित्रं, आमच्या घरात पण होती, आणि मी कथा वाचायला लागले ती त्या पुस्तकांवर. १९९१ ला सोव्हिएत संघ फुटला आणि ती पुस्तकं यायची थांबली, रशियन शिकणारे पण कमी झाले. चिनीचं तर १९६२ नंतर विचारायलाच नको, जी भाषा भाऊ-भाऊ म्हणत शिकायची ती शत्रूची भाषा झाली. मला यातून एकच कळतं, जो विभाग फक्त नोकरीच्या आशेवर उभा आहे तो नोकरी आटली की आटतो, आणि जिथं साहित्य शिकवलं जातं, भाषांतरं होतात, शब्दकोश होतात, तिथं वाईट दिवसांत पण चार माणसं टिकून राहतात आणि दिवस बदलले की त्यांच्यापासूनच पुन्हा सुरुवात होते. म्हणून विभागाचं नाव नुसतं परदेशी भाषा असू नये, परदेशी भाषा आणि साहित्य असंच असावं.

तरी नोकरीची गोष्ट मी टाळणार नाही, कारण आमच्याकडं तीच पहिली येते. फेब्रुवारी २०२४ मधे महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, सुरुवातीला १० हजार तरुणांचं बोलणं होतं, नर्सेस, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर. जपानबरोबर पण भारताचा जानेवारी २०२१ मधे असाच करार झालाय, तिथं म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारे लोक हवेत. दोन्हीकडं पहिली अडचण भाषेची. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता घ्यायची तर साधारण बी-टू लेव्हल, म्हणजे भाषेच्या परीक्षांची चौथी पायरी लागते, आणि ती काही तीन महिन्यांच्या क्रॅश कोर्सनं येत नाही, ए-वन, ए-टू, बी-वन करत करत तिथं पोचायला रोजचा अभ्यास आणि समोर बसून चुका सुधारणारा शिक्षक लागतो. माझी पुतणी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली आहे, दवाखान्यात ड्युटी करून रात्री मोबाईलवर जर्मन शिकते, जिद्दीची पोरगी आहे, पण तिच्याशी जर्मनमधे दोन वाक्यं बोलायला सुद्धा पंचक्रोशीत कोणी नाही. माझ्या वर्गातल्या मुली तिच्याकडं बघतात आणि मला विचारतात, "मॅडम, हे जर्मन आपल्याले जमन का?" मी त्यांना सांगते की वऱ्हाडी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा तुम्ही आताच बोलता, पाचवी पण येईल, पण शिकवायला कोणीतरी पाहिजे.

आता कोणी म्हणेल विदर्भात कुठली आली परदेशी भाषांची परंपरा. अहो आहे ना, खूप आहे, फक्त कोणी एका जागी मांडली नाही! १९३८ मधे भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, ते चिनी शिकले, तिथंच १९४२ मधे गेले. पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते हे आमच्या किती शाळांमधे सांगितलं जातं? १९३३ मधे जपानचे फुजी गुरुजी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले, त्यांच्यामुळं जपानी बौद्ध मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि सेवाग्रामला तो आजही म्हणतात, वर्ध्याचा विश्वशांती स्तूप त्याच परंपरेतला. पवनारच्या विनोबांनी शाळेत फ्रेंच घेतली होती आणि पुढं कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले. धर्मानंद कोसंबी, ज्यांनी पालीसाठी श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घातला, हार्वर्डला आणि लेनिनग्राडला काम केलं, त्यांनी १९४७ मधे शेवटचा श्वास सेवाग्रामला घेतला. डॉ. रघुवीर लाहोर सोडून नागपूरला आले तेव्हा त्यांची सरस्वती विहार ही संस्था पण आली, तिबेटी, मंगोल, चिनी ग्रंथांचं काम नागपुरात होत होतं, १९५६ मधे ती दिल्लीला गेली. ती नागपुरात राहिली असती तर आज आपलं चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं.

आणि बाबासाहेब. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे एवढे कोर्स केले त्याच्यासोबत फ्रेंच आणि जर्मनचा पण एकेक कोर्स केला आणि १९२१ मधे बॉन विद्यापीठाला प्रवेशाचा अर्ज स्वतःच्या हातानं जर्मनमधे लिहिला. दीक्षाभूमीवर दरवर्षी आमच्या तालुक्यातून गाड्याच्या गाड्या भरून लोक जातात, तिथं जपानचे, थायलंडचे भिक्खू भेटतात, कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीनं उभं राहिलंय, नागपूरचे भदंत सुरई ससाई मूळचे जपानचेच, म्हणजे आमच्या लोकांचं जपानशी नातं मनाचं आहे, कंपनीच्या नोकरीपुरतं नाही. जपानी शिकवायचं तर याच्याइतकी तयार जमीन कुठं मिळणार?

विदर्भात विद्यापीठात हे होऊ शकतं याचा पुरावा पण विदर्भातच आहे. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ १९९७ मधे सुरू झालं, ते हिंदीचं विद्यापीठ आहे तरी तिथं चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच शिकवतात आणि बाहेर देशातली मुलं हिंदी शिकायला येतात. हिंदीला दुसऱ्या भाषा शेजारी बसल्यानं काही कमीपणा आला नाही.

आता मुद्द्यावर येते. आपल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रिद्धपूर हे मोर्शी तालुक्यातलं गाव, गोविंदप्रभूंचं, त्यांचे शिष्य आणि महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी इथं आले, आणि म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिलं ते इथंच. मराठी गद्याची सुरुवात आमच्या शेजारच्या गावात झाली याचा आम्हाला अभिमान आहे. पण हे ग्रंथ वाचायला कोण कोण आलं ते पण बघा. यवतमाळच्या शारदाश्रमातले य. खु. देशपांडे आणि बुलढाणा जिल्ह्यातून आलेले, पुढं नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले वि. भि. कोलते यांनी आयुष्य घातलं, हे आपले. त्यांच्यासोबतच लंडनचे रेसाइड महानुभाव पोथ्यांवर काम करत होते, आणि अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी जुनी मराठी शिकून गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं, १९८४ मधे ते पुस्तक आलं आणि त्याच्या नावातच रिद्धपूर आहे. जर्मनीच्या हायडेलबर्गचे सोन्थायमर धनगरांच्या मागं माळरानं फिरले, मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोव्हा मराठी शिकून वारीवर लिहितात. या माणसांनी आपली भाषा शिकायला काय कष्ट घेतले असतील! आणि आपण मात्र जर्मन कथा, रशियन कादंबरी, जपानी कविता बहुतेक वेळा इंग्रजीतून आलेलीच वाचतो, मुळातून मराठीत आणणारे फार थोडे आणि त्यातले बहुतेक पुण्या-मुंबईचे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा एखादी रशियन शेतकऱ्याची गोष्ट थेट रशियनमधून आणेल तेव्हा त्यात नांगर, वखर, धुरा, बांधावरचं भांडण हे सगळं बरोबर उतरेल, कारण त्यानं ते बघितलेलं असेल. आणि दुसऱ्या दिशेनं पण, आमच्या झाडीपट्टीतलं, आमच्या कोरकू-गोंड भागातलं, आमच्या दलित लेखकांचं लिखाण जर्मन-फ्रेंच-जपानीत जायचं तर त्या भाषा चांगल्या येणारा इथलाच माणूस लागेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंद झाला, आम्ही शाळेत पेढे वाटले. मराठीच्या विद्यापीठात परदेशी भाषा कशाला असं काही लोक म्हणतील, माझ्या स्टाफरूममधेच म्हणाले. त्यांना मी म्हटलं की महानुभाव साधू मराठी पोथ्या घेऊन पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत गेले, परक्या मुलखात मठ केले, तिथल्या माणसांत राहून मराठी जपली, ती माणसं परक्या भाषेला घाबरली असती तर गेली असती का. आणि फारसीचं काय करायचं? अचलपूर आमच्यापासून जवळ, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी, पुढं निजामाचा मुलूख, कारभाराचे जुने कागद फारसीत. ते वाचणारी जुनी माणसं गेली तर आपल्याच गावांचा इतिहास आपल्याला बंद होईल. त्यामुळं माझ्या मते रिद्धपूरला जर्मन आणि जपानी कामासाठी, रशियन किंवा फ्रेंच साहित्यासाठी आणि फारसी आपल्या इतिहासासाठी, अशी सुरुवात व्हावी. सगळ्या एकदम नकोत. एकच नीट करा, मग दुसरी.

सरकारला आणि विद्यापीठाच्या लोकांना माझी विनंती एवढीच की इमारतीची वाट बघू नका. दोन शिक्षक आणा पण पूर्ण पगारावर आणि कायम जागेवर आणा, राहायला क्वार्टर द्या म्हणजे ते अमरावतीहून अपडाऊन करत बसणार नाहीत. ज्या देशाची भाषा तिथला एखादा पाहुणा शिक्षक वर्षातून काही महिने इथं येऊन राहील असं बघा, त्याला बदल्यात मराठी शिकवा, तान युन-शान यांनी संस्कृत शिकली तशी. सर्टिफिकेट कोर्सला डिग्रीची अट नको, बारावी पुरे. मुलींसाठी होस्टेल पहिल्या वर्षापासून पाहिजे, नाहीतर घरचे पाठवत नाहीत हे मी रोज बघते. आणि परीक्षेचं केंद्र आपल्या जिल्ह्यात आणायचा प्रयत्न करा, माझ्या पुतणीला परीक्षेसाठी पुण्याला जावं लागलं, रात्रभर ट्रॅव्हल्सनं प्रवास करून सकाळी पेपर.

ग्रंथालयात मूळ भाषेतली पुस्तकं ठेवा, लहान मुलांची सुद्धा, कारण नवी भाषा शिकणाऱ्याला आधी मुलांचीच पुस्तकं झेपतात. माझ्याकडं मॉस्कोत छापलेली ती जुनी मराठी पुस्तकं अजून आहेत, ती मी विभागाला द्यायला तयार आहे, म्हणजे मूळ रशियन शेजारी ठेवून मुलांना ताडून बघता येईल.

वेळापत्रक ठरवताना एसटीचं टाइमटेबल समोर ठेवा ही शेवटची विनंती. मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या बाजूच्या शेवटच्या बस संध्याकाळी लवकर निघून जातात, तर बॅच दुपारी ठेवा किंवा शनिवार-रविवार ठेवा, ड्युटीवाल्या नर्सेसना पण ते सोयीचं होईल. पहिल्या वर्षी नुसता जर्मनचा सर्टिफिकेट कोर्स निघाला तरी आमच्या गावातल्या बारावी झालेल्या मुलींना ऍडमिशनला मी स्वतः घेऊन येईन.

आपली,
एक हायस्कूल शिक्षिका
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती